द्विशिक्षकी शाळेतलं टेबल, एक कपाट आणि अपुरा पडणारा वेळ

मॅडम, प्रश्न वाचला तुमचा. जिल्हा परिषदेची पहिली ते चौथीची द्विशिक्षकी शाळा, तुम्ही शिक्षण सेवक म्हणून नवीन लागलाय, तिसरी-चौथी एकत्र तुमच्याकडे, दुसऱ्या सरांकडे मुख्याध्यापकाचा चार्ज त्यामुळे ते आठवड्यातनं एकदा-दोनदा मीटिंगला नाहीतर तालुक्याला, ऑफिसला वेगळी खोली नाही म्हणून तुमच्याच वर्गातलं टेबल म्हणजे शाळेचं ऑफिस, आणि तुमचं म्हणणं की टेबल-कपाट नीट लावायला कुठले ऑर्गनायझर घेऊ म्हणजे संध्याकाळी कागद घरी न्यावे लागणार नाहीत.

ऑर्गनायझर आत्ता काही घेऊ नका. त्या रंगीत ट्रे आणि कप्प्यांमध्ये ढीगच भरला जातो, फक्त दिसायला बरा दिसतो. आधी वेळ नक्की कशात जातो ते बघा. वस्तू सापडत नाही म्हणून जाणारा वेळ आपल्याला वाटतो तेवढा नसतो हो. खरा वेळ जातो तो तीच माहिती दहा ठिकाणी दहा वेळा लिहिण्यात, आणि शिकवता शिकवता मध्येच उठण्यात. मध्येच कुणी बोनाफाईड मागायला दारात उभं, मध्येच स्वयंपाकवाल्या ताई "बाई आज पोरं किती" म्हणून डोकावतात, मध्येच ग्रुपवर "अतितात्काळ, १२ वाजेपर्यंत" येतं. एकदा उठलं की तिसरीची पोरं सुटली, परत बसवायला वेळ जातो तो वेगळाच. म्हणून टेबल-कपाट लावताना एवढंच बघायचं की वर्ग चालू असताना कागदाला हात लावायची वेळ येऊ नये आणि एकदा लिहिलेलं परत लिहावं लागू नये. सुंदर दिसलं नाही तरी चालेल.

अजून एक डोक्यात ठेवा, शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन धरलंय, म्हणजे सरासरी दिवसाला चार तास. आणि शिक्षकाचे आठवड्याचे ४५ तास धरलेत त्यात तयारीचे तासही आलेच. म्हणजे तयारी ही घरी जाऊन करायची गोष्ट आहे असं कायदा म्हणत नाही. ते तास आपण माहिती भरण्यात घालवतो म्हणून टाचण, म्हणजे उद्याच्या पाठाची लेखी तयारी, रात्री नऊ वाजता काढायची वेळ येते.

आता टेबलाची जागा. फळ्यासमोर मध्यभागी टेबल ठेवायची जुनी पद्धत असते, तुमच्याकडेही बहुतेक तसंच असेल. ते तिथनं काढा आणि दाराजवळच्या भिंतीला लावा, तुमचं तोंड मुलांकडे येईल असं. दोन फायदे होतात. दोन वर्ग एकत्र आहेत तर फळ्यासमोर जागा मोकळी मिळते, एका गटाला फळ्यावर काम दिलं की दुसरा गट तिथेच गोलात खाली बसवता येतो. आणि आलेल्या पालकाला वर्ग ओलांडून आत यावं लागत नाही, दारातच त्याचं काम होतं. टेबलावर हजेरी, टाचण वही, पेनाचा डबा आणि त्या दिवशी लागणारी एकच फाईल, बास. शिक्के, स्टॅम्प पॅड, स्टेपलर, टाचण्या, कात्री हे ड्रॉवरमध्ये, आणि ड्रॉवरला कुलूप पाहिजेच, गोल शिक्का उघड्यावर टाकून मधल्या सुट्टीत बाहेर जायचं नाही. कोऱ्या बोनाफाईडवर आधीच शिक्के मारून ठेवायची सवय काही शाळांत असते, वेळ वाचतो म्हणून, ते अजिबात करू नका, तो कागद कुठे वापरला जाईल सांगता येत नाही.

पोषण आहाराच्या प्रश्नाचा बंदोबस्त फळ्यावरच होतो. परिपाठ झाला की हजेरी घ्यायची आणि फळ्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात इयत्तावार पट आणि हजर असे आकडे लिहायचे, दोन्ही वर्गांचे, दुसऱ्या वर्गाचा आकडा सांगायला तिथलं एक मूल येतं. तो आकडा दिवसभर पुसायचा नाही. स्वयंपाकवाल्या ताई तिथनं बघतात, अॅपवर माहिती तिथनं जाते, केंद्रप्रमुखांचा, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांचा, फोन आला तर तिथनंच उत्तर. पहिली ते पाचवीला माणशी १०० ग्रॅम तांदूळ असं प्रमाण आहे, म्हणजे ४२ हजर तर ४ किलो २०० ग्रॅम. सोपं गणित आहे पण रोज डाळ, तेल, मीठ-मसाला सगळं काढत बसायचं म्हणजे वेळ जातोच. तेव्हा तुमच्या पटापर्यंतचा एक तक्ता करून ठेवा, डावीकडे हजर संख्या आणि पुढे प्रत्येक जिन्नस किती, आणि तो स्वयंपाकखोलीत धान्याच्या पिंपाच्या वर चिकटवा, वरनं सेलोटेप पूर्ण मारा नाहीतर वाफेने महिन्याभरात गळून पडतो. त्याचीच एक प्रत पोषण आहार रजिस्टरच्या पुठ्ठ्याला आतून. चव रजिस्टर मात्र ऑफिसच्या टेबलावर ठेवू नका, ते स्वयंपाकखोलीतच दोरी बांधलेल्या पेनासकट टांगा. चव तिथे घ्यायची तर सही पण तिथेच होऊ दे ना.

दाखला मागणाऱ्यांसाठी दारावर एक पाटी लावा, दाखले आणि बोनाफाईड मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर मिळतील. सरांशी आधी बोला आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा विषय घेऊन ठराव करून घ्या, म्हणजे "नवीन बाई आल्यात आणि नियम काढतात" असं गावात होणार नाही. लांबून आलेला, एसटी धरायची असलेला म्हातारा माणूस असेल तर द्या की लगेच, नियम आपल्यासाठी आहे.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे, दाखल्याला वेळ लागतो तो जनरल रजिस्टरात, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची नोंद असते त्या रजिस्टरात, नोंद शोधायला. चालू मुलांची नोंद पटकन सापडते, जुनी नाही. जातीच्या दाखल्यासाठी लोकांना आजोबा-पणजोबांचा उतारा लागतो, कारण पुरावा अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा मागतात. २०२३ च्या शेवटी कुणबी नोंदी शोधायच्या होत्या तेव्हा कित्येक शाळांत मास्तर लोक जुनी दाखल रजिस्टरं उलटत बसले होते, पानं हातात येत होती, काही ठिकाणी मोडीत लिहिलेलं. ज्या शाळांत आडनावाची सूची होती त्यांचं लवकर उरकलं. तुमच्या शाळेत नसेल तर सरांची परवानगी घेऊन हे काम करा, पण चालू वर्षात नको, उन्हाळी सुट्टीत घ्या. प्रत्येक पानाचा मोबाइलवर सरळ वरनं फोटो, उन्हात नाही सावलीत, फोटोला नाव द्यायचं ते रजिस्टर नंबर आणि सुरुवातीचा-शेवटचा नोंद क्रमांक. मग एका साध्या वहीत आडनावांची यादी, आडनावापुढे फक्त नोंद क्रमांक. यापुढे शोधाशोध वहीत करायची आणि मूळ रजिस्टर एकदाच, नेमकं पान उघडण्यापुरतं बाहेर काढायचं. फाटलेल्या पानांना सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. आणि ते रजिस्टर शाळेबाहेर झेरॉक्सला पाठवायचं नाही, कुणीही सांगितलं तरी.

आता कागदांचा ढीग. यासाठी बाहेरच्या देशातल्या युक्त्या शोधायची गरज नाही, आपल्याच सरकारी ऑफिसात सहा गठ्ठे पद्धत आहे, तुमच्या तालुक्याच्या ऑफिसात कपाटांवर चिठ्ठ्या दिसतील. १९८० च्या दशकात नगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी ऑफिसची मांडणी आणि कागद ठेवायची पद्धत बदलून दाखवली, तो लखिना पॅटर्न अजून जुने क्लार्क सांगतात. पुण्याला विभागीय आयुक्त असताना चंद्रकांत दळवींनी झिरो पेंडन्सी, म्हणजे एकही काम पडून न ठेवायची मोहीम, राबवली तेव्हाही पहिलं काम गठ्ठे वेगळे करण्याचंच होतं. ही पद्धत थोडक्यात अशी की ज्याच्यावर काम चालू आहे ते एका गठ्ठ्यात, दुसऱ्याच्या उत्तराची वाट बघतोय ते दुसऱ्यात, ठराविक काळाने पाठवायची माहिती तिसऱ्यात, कायम लागणारे आदेश चौथ्यात, काम संपून रेकॉर्डला जाणारं पाचव्यात आणि नष्ट करायचं सहाव्यात. रेकॉर्डला जाणाऱ्यांचे परत अ, ब, क, ड असे वर्ग, अ म्हणजे कायम ठेवायचं. जनरल रजिस्टर अ मध्ये.

आपल्यासारख्या शाळेत सहाही गठ्ठे टेबलावर मांडायची गरज नसते, पण दुसरा आणि तिसरा जरूर करा, सगळा त्रास त्या दोघांतच आहे. वाट बघायच्या गठ्ठ्यात प्रत्येक कागदावर पेन्सिलीने लिहायचं, कुणाकडून काय यायचंय आणि कधीपासून. "बँक, दोन खाती आधारला जोडणे, ५ जुलै" एवढंच. शुक्रवारी तो गठ्ठा एकदा चाळायचा आणि फोन करायचे ते एकदम करून टाकायचे. नष्ट करायच्या गठ्ठ्यातलं मात्र मुख्याध्यापकांना विचारल्याशिवाय एक चिटोरं फाडू नका, तुम्ही नवीन आहात, नष्ट केलेल्याचीसुद्धा यादी ठेवावी लागते.

तिसरा गठ्ठा म्हणजे नियतकालिक माहिती, आणि इथे मी सगळ्यात जास्त जोर देईन. बारा खाकी पाकिटं घ्या, मोठी, ए-फोर कागद न दुमडता मावेल अशी, वर जून ते मे लिहा आणि कपाटाच्या दाराला आतून लावा. ज्या महिन्यात जी माहिती मागतात तिची पाठवलेली प्रत त्या महिन्याच्या पाकिटात. जूनमध्ये दाखलपात्र मुलं, पाठ्यपुस्तकं आणि गणवेश वाटप, सप्टेंबरमध्ये यू-डायस प्लसची, म्हणजे शाळांची माहिती भरायच्या सरकारी पोर्टलची, तयारी कारण ती माहिती ३० सप्टेंबरच्या स्थितीवर धरतात, दिवाळीच्या आसपास पहिलं संकलित मूल्यमापन म्हणजे सत्र परीक्षा, एप्रिलमध्ये दुसरं आणि मग निकालपत्रकं. पुढच्या वर्षी तोच महिना आला की पाकीट उघडायचं, गेल्या वर्षीचा नमुना समोर असतो, कुठले रकाने होते, पटाची बेरीज कशी जुळवली होती, सगळं दिसतं, ऐंशी-नव्वद टक्के मजकूर तोच असतो. पत्र ग्रुपवर यायच्या आधीच तुमचं अर्धं काम झालेलं असतं. पहिल्या वर्षी पाकिटं रिकामी राहणार, त्याला इलाज नाही, शेजारच्या शाळेतल्या कुणा जुन्या बाईंकडून गेल्या वर्षीच्या प्रती मागून घ्या, शिक्षण परिषदेला भेटतातच की सगळ्या.

याच्या जोडीला मूळ माहितीचा एकच तक्ता, एक्सेलमध्ये नाहीतर गुगल शीटवर. मुलाचं नाव जनरल रजिस्टरला आहे तसंच, वेलांटीसकट, मग आईचं नाव, जन्मतारीख अंकी, नोंद क्रमांक, आधारवरचं नाव, पेन नंबर (मुलाचा कायमचा शैक्षणिक क्रमांक), अपार आयडी (मुलाचा शैक्षणिक ओळख क्रमांक), बँक खातं, पालकांचा फोन. आधारवरचं नाव वेगळ्या रकान्यात घ्या, कारण अर्धी भांडणं तिथेच असतात, रजिस्टरात "श्रावणी" आणि आधारवर "सरावनी", आणि पोर्टल म्हणतं जुळत नाही. ज्यांचं जुळत नाही त्यांची ओळ पिवळी करा आणि पालकसभेच्या दिवशी फक्त त्या पालकांना थांबवा. यापुढे कुठलीही माहिती मागितली तर या तक्त्यातले रकाने कॉपी करायचे, नव्याने टाइप करायचं नाही. आणि हा तक्ता पासवर्ड टाकून ठेवा, आधार नंबरांसकट यादी केंद्राच्या ग्रुपवर टाकणारे लोक बघितलेत मी, तसं करू नका, पोरांची माहिती आहे ती. मागणाऱ्याला वैयक्तिक पाठवा, आणि आधारचा रकाना खरंच लागतोय का विचारून पाठवा.

मोबाइल हेसुद्धा तुमचं टेबलच आहे आणि खरं सांगायचं तर त्याच्यावर जास्त पसारा असतो. केंद्राचा ग्रुप, तालुक्याचा ग्रुप, प्रशिक्षणाचा, पालकांचा, बीएलओ असाल, म्हणजे मतदार यादीचं काम तुमच्याकडे असेल, तर त्यांचा. सगळे म्यूट. परिपाठाच्या आधी एकदा, मधल्या सुट्टीत एकदा आणि सुटताना एकदा बघायचं. सरांना आणि केंद्रप्रमुखांना सांगून ठेवा की खरंच तातडीचं असेल तर फोन करा, मेसेज वर्गात बघत नाही. बहुतेक केंद्रप्रमुख ऐकतात, तेही शिक्षकच होते आधी. काम असलेला मेसेज स्वतःच्याच नंबरला फॉरवर्ड करून ठेवायचा, काम झालं की डिलीट. शासन निर्णयांच्या पीडीएफ मोबाइलमध्ये साठवत बसू नका, महाराष्ट्र शासनाच्या साइटवर ते असतातच, प्रत्येक जीआरवर लांबलचक सांकेतांक असतो आणि त्याच्या सुरुवातीला तारीखच असते, वर्ष-महिना-दिवस. टाचण वहीच्या मागच्या पानावर विषय आणि तो सांकेतांक लिहून ठेवला की पुरे. ज्या फाईल्स ठेवायच्याच त्यांना नाव देताना तारीख आधी टाका, मग विषय, "नवीन फायनल २" असली नावं नकोत, आपोआप ओळीने लागतात.

वह्यांचा गठ्ठा तुम्ही घरी नेता असं लिहिलंय. नेऊ नका. वह्या तपासायला वेळ लागतो त्यातला कितीतरी वेळ पान शोधण्यात जातो, कधी मागून लिहिलेलं, कधी मधली दोन पानं सोडलेली. मुलांना सवय लावा की वही द्यायची ती आजच्या पानावर उघडीच, उलटी न घालता एकावर एक, गटप्रमुख गोळा करून आणतो. लाल पेन घेऊन फक्त उजवीकडनं डावीकडे सरकवत जायचं. आणि सगळ्या वह्या रोज तपासायच्याच नसतात, तिसरीच्या सोम-बुध, चौथीच्या मंगळ-गुरू असं वाटून घ्या, बाकी दिवशी मुलं लिहीत असताना रांगेतनं फिरत जागेवरच सही करायची, तिथल्या तिथे चूक दाखवता येते, त्याचा उपयोग दुसऱ्या दिवशी मिळालेल्या लाल गोलापेक्षा नक्की जास्त होतो.

वर्णनात्मक नोंदींचंही तेच. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन २०१० पासून आलं आणि तेव्हापासून सत्र संपताना सगळ्या शाळांत एकच दृश्य, पुस्तिकेतनं वाक्यं उतरवायची. खिशात मावेल अशी छोटी वही ठेवा, एका मुलाला दोन पानं, रोज चार-पाच मुलांबद्दल एकेक ओळ, तीही शाळा सुटायच्या आधीच्या दहा मिनिटांत मुलं दप्तर भरत असताना. "हातच्याची वजाबाकी काड्या घेऊन जमते, तोंडी नाही." अशी ओळ ऑक्टोबरात समोर असली की नोंद लिहायला डोकं खाजवावं लागत नाही आणि पालकांना पण काहीतरी खरं सांगता येतं.

साहित्याच्या कपाटाबद्दल थोडंसं. गणित पेटी, भाषा पेटी बऱ्याच शाळांत प्लास्टिकसकट पडून असतात, कारण डेडस्टॉकला, म्हणजे शाळेच्या वस्तूंच्या नोंदवहीत, लागलंय, हरवलं तर भरून कोण देणार. सरांशी बोलून त्यातलं रोजच्या वापरातलं बाहेर काढा. कापडी पिशव्या घ्या, खिडकीखाली खिळे ठोका, एका घटकाला एक पिशवी: अपूर्णांकाच्या चकत्या एकीत, नाणी-नोटा दुसरीत, शब्दकार्ड तिसरीत. पिशवीत काय किती आहे ती चिठ्ठी आतच, आणि मोजून ठेवायचं काम चौथीच्या पोरांकडे, ते आपल्यापेक्षा कडक असतात. उद्या कुठली पिशवी लागणार ते आज संध्याकाळी टाचणात लिहून ती टेबलाच्या कडेला टांगून जायचं, सकाळी कपाट उघडायची वेळच येत नाही.

यातलं काहीही करून बीएलओचं काम, सर्वेक्षणं, प्रशिक्षणं कमी होणार नाहीत हे पण सांगते. कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांना सूट आहे आणि या तीनच गोष्टींत आपल्या तालुक्यात काय काय बसवतात ते तुम्हाला कळेलच. तो टेबलाचा प्रश्न नाही, तो संघटनेचा आहे.

सुरुवात शनिवारी करा, सकाळची शाळा असते, सुटल्यावर दोन तास मिळतात. पहिल्या शनिवारी फक्त टेबल हलवा आणि टेबलावरचं सगळं एका रिकाम्या खोक्यात भरा, गरज लागेल तसं त्यातनं बाहेर काढा, दोन आठवड्यांनी खोक्यात जे उरलं ते टेबलावर लागत नाही असं समजायचं. पुढच्या शनिवारी पाकिटं. मूळ तक्ता रोज पाच मुलं या हिशोबाने भरा, तीस-चाळीस मुलं असतील तर दीड आठवड्यात होतो. सगळं एकदम काढून बसलात तर सोमवारी केंद्रप्रमुख भेटीला येतील आणि त्यांनी शेरा लिहायचं शेरेबुकच सापडणार नाही.

खरेदी म्हणाल तर बारा खाकी पाकिटं, चार बॉक्स फाइल, एक डझन कापडी पिशव्या, ड्रॉवरचं कुलूप आणि दोन जाड मार्कर, एवढं पुरतं. हे स्वतःच्या मानधनातनं आणू नका. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून संयुक्त शाळा अनुदान येतं, ३० पर्यंत पट असेल तर १०,००० रुपये आणि त्यावर १०० पर्यंत २५,००० असा निकष आहे, त्यातला निदान दहा टक्के भाग स्वच्छतेसाठी ठेवावा लागतो, बाकीच्यातनं स्टेशनरी बसते. सरांना सांगा, समितीच्या बैठकीत घ्या, आणि दुकानदाराकडून पावती शाळेच्या नावाने घ्या, तुमच्या नावाने केली तर व्हाउचर फाईलला लागत नाही.